दोन पक्ष, एकच गळा

तमिळनाडूतल्या सरकारी शाळेची सकाळ ‘नीरारुम कडलुडुत्त’ या वंदनेने सुरू होते. मनोन्मणीयम सुंदरम पिळ्ळै यांच्या १८९१ सालच्या काव्यनाटकातली ही रचना. १९७० मध्ये राज्य सरकारने ती अधिकृत केली. तिला चाल दिली एम. एस. विश्वनाथन यांनी, मोहनम रागात, म्हणजे आपल्या भूपात. ध्वनिमुद्रिकेवर आवाज आहेत टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला यांचे. हे तिघंही सिनेमाच्या गाण्यांतले. सिनेमाचं नाव काढलं की मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडत, त्या काळातही शाळेचा दिवस सिनेमाच्याच संगीतकाराच्या चालीवर उगवत होता. रांगेत एमजीआर या नटाचा भक्त पुढे, त्याचा प्रतिस्पर्धी नट शिवाजी गणेशन याचा भक्त मागे, आणि दोघांच्या तोंडी सौंदरराजन यांनीच घालून दिलेली वळणं.

तमिळ चाहत्यांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की चार ठरलेली चित्रं समोर येतात: साठ फुटी कटआउट, त्यावर दुधाचा अभिषेक, पहाटेचा खेळ, पडद्यावर उधळलेली नाणी. ती खरी आहेत. पण ती सगळी मोठ्या माणसांची आणि थिएटरच्या दारातली. पण ‘माझा नट मोठा की तुझा’ या दोन पक्षांतल्या भांडणाचा खरा मुक्काम शाळेच्या बाकांवर होता, आणि तिथे ते गाण्यांनी लढलं जाई. समोरच्या पक्षाला हरवायचं तर त्याची गाणी आपल्याला त्याच्याहून जास्त पाठ असावी लागत. म्हणून या वैरातून मुलांचे जे कान तयार झाले, तसे ते कुठल्याही संगीताच्या तासाने झाले नसते असं मला मनापासून वाटतं.

भांडणातल्या नटांची जोडी दर पिढीला बदलली. १९४० च्या दशकात एम. के. त्यागराज भागवतर आणि पी. यू. चिन्नप्पा, दोघंही स्वतः गाणारे नट. भागवतरांचा १९४४ चा ‘हरिदास’ मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या पाहून गेला. मग एमजीआर आणि शिवाजी गणेशन. मग कमल हासन आणि रजनीकांत. मग विजय आणि अजित. मूल कुठल्या दशकात शाळेत गेलं यावर त्याची जोडी ठरे, आणि जोडीतला कोण आपला हे बहुधा मोठा भाऊ, गल्लीतलं थिएटर किंवा पहिल्या दिवशी शेजारी बसलेला मुलगा ठरवून टाके. कुंपणावर बसायची सोय नसे. ‘दोघेही आवडतात’ म्हणणाऱ्याला दोन्हीकडून मार.

एमजीआरच्या पक्षाकडे एक मोठं हत्यार होतं: त्यांचा नट पडद्यावर दारू पीत नसे, सिगारेट ओढत नसे, आईच्या पाया पडे. चाहते त्याला ‘वाद्यार’ म्हणत, म्हणजे मास्तर. आणि मास्तराला शोभतील अशी गाणी त्याला पट्टुक्कोट्टै कल्याणसुंदरम यांनी लिहून दिली. हा शेतकरी चळवळीतून आलेला कवी १९५९ मध्ये ऐन तिशीच्या आत गेला, पण ‘नाडोडी मन्नन’मधलं (१९५८) ‘तूंगादे तंबी तूंगादे’, म्हणजे झोपून राहू नकोस रे बाळा, आणि ‘तिरुडादे’मधलं (१९६१) चोरी करू नकोस सांगणारं गाणं मागे ठेवून गेला. ही गाणी घरात मोठ्याने म्हटली तर कुणी ओरडत नसे. आईच उलट पुढची ओळ सांगे. दुसऱ्या पक्षाकडे अशी सवलत नव्हती.

शिवाजीच्या पक्षाकडे संवाद होते. स्नेहसंमेलनात एकपात्री म्हणजे ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (१९५९) हे जवळजवळ ठरलेलं. पांचालंकुरिचीचा पाळेगार इंग्रज अधिकारी जॅक्सनला विचारतो की सारा कशाबद्दल द्यायचा, आणि मग शेतीच्या एकेका कामाचं नाव घेत प्रश्नांची सरबत्ती करतो. याच भूमिकेसाठी शिवाजी गणेशन यांना १९६० मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा मान मिळाला. शाळेच्या रंगमंचावर हा उतारा कसा फसतो हे तिथल्या कुठल्याही तमिळ शिक्षकाला विचारावं. मूल पहिल्याच प्रश्नाला आवाज टिपेला नेतं आणि चौथ्या प्रश्नाला घसा बसतो. उतारा उतरवायचा तर सुरुवात जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत करावी लागते, प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी श्वास चोरून घ्यावा लागतो, प्रश्नाच्या मध्ये कधीच नाही, आणि सगळा जोर शेवटच्या दोन वाक्यांसाठी राखून ठेवावा लागतो. शिवाय जोडाक्षरांवर पाय घट्ट रोवले नाहीत तर वाक्य घसरतं. ‘तिरुविळैयाडल’मध्ये (१९६५) तर ‘कुरुंतोगै’ या संघकाळातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्यातल्या, संग्रहाची दुसरी कविताच कथानकात आहे, शंकर ती एका गरीब कवीला लिहून देतो आणि राजसभेत नक्कीरर हा कवी तिच्यात दोष काढतो. पाठ्यपुस्तकात नकोशी वाटणारी कविता त्या सिनेमामुळे वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकालाही तोंडपाठ झाली.

हे दोघं नट एकाच पडद्यावर एकदाच आले, १९५४ च्या ‘कूंडुक्किळी’त, आणि तो चालला नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षं तुलनेला समोरासमोरचं दुसरं दृश्य मिळालंच नाही. म्हणूनही तुलना गाण्यांवर आली असावी.

आणि गाण्यांत गंमत ही की दोघांचाही गळा एकच होता. ३ नोव्हेंबर १९६४, दिवाळी. त्या दिवशी एमजीआरचा ‘पडगोट्टी’ लागला आणि शिवाजीचा शंभरावा चित्रपट ‘नवरात्री’ही लागला. एकीकडे विश्वनाथन-राममूर्ती यांचं संगीत, दुसरीकडे के. व्ही. महादेवन यांचं. गाणारे दोन्हीकडे सौंदरराजन. मदुरैच्या सौराष्ट्री घरातला हा माणूस शिवाजीसाठी गाताना छातीतून, भरदार आवाज काढी; व्यंजनांवर वजन ठेवी, ओळीच्या शेवटी श्वासही ऐकू येऊ देई. एमजीआरसाठी तोच आवाज वर चढे, नाकाच्या बाजूला थोडा झुके, हलका होई, आणि शब्द सुटे सुटे, सभेत मागे उभ्या असलेल्यालाही कळतील असे येत. डोळे मिटून गाणं ऐकायचं आणि पडद्यावर कोण आहे ते सांगायचं, हा शाळकरी पोरांचा खेळ याच फरकावर उभा होता. त्याहून अवघड खेळ म्हणजे एकच ओळ आधी एमजीआरच्या ढंगात आणि मग शिवाजीच्या ढंगात म्हणून दाखवायची. ज्याला ते जमे त्याला स्वराचं उगमस्थान, उच्चाराचं वजन, श्वासाची जागा या तिन्ही गोष्टी कळलेल्या असत, मग त्यांना नावं माहीत नसली तरी चालतं.

गीतकारांतही पक्ष पडले होते. कन्नदासन शिवाजीचे आणि वाली एमजीआरचे, असं ढोबळ गणित. प्रत्यक्षात दोघांनीही दोघांसाठी लिहिलं, आणि वालींच्या ओळी कन्नदासनांच्या समजून छातीठोक पैज लावणारे हरत. अशा पैजांचा निकाल लावायला लागे पाट्टु पुत्तगम, गाण्यांचं पुस्तक.

ते खरं म्हणजे एक-दोन कागद घडी घालून टाचलेले, इतकंच. कागद वर्तमानपत्राच्या प्रतीचा, मुखपृष्ठावर दोन रंगांत नटाचा चेहरा. थिएटरच्या दाराशी विक्रेता उभा असे. आत आधी कलाकारांची नावं, मग कथासार. हे कथासार ऐन पेचप्रसंगापर्यंत येऊन थांबे आणि खाली एकच ओळ असे: पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा. मग गाणी, प्रत्येकाच्या डोक्यावर कवी आणि गायकांची नावं. अडचण अशी की पुस्तक सिनेमाच्या आधी छापलेलं असे. कापलेलं गाणं पुस्तकात राही, तर ऐनवेळी घातलेलं गाणं पुस्तकात नसे. जुळाऱ्याच्या हातून अक्षरं पडत ती वेगळीच. त्यामुळे जाणकार पोरं पुस्तकावर थेट विश्वास ठेवत नसत. गाणं ऐकून पेन्सिलीने दुरुस्त्या करत आणि मग वहीच्या मागच्या पानांवर शुद्ध प्रत उतरवत. हस्तलिखितांचे पाठभेद तपासणारे विद्वान याहून निराळं काय करतात?

थिएटरपर्यंत न पोचणाऱ्या मुलांनी सिनेमा घरी आणला, आणि ते यंत्र इथे नीट सांगण्यासारखं आहे. फिरत्या तंबूतल्या टॉकीजमध्ये किंवा गावातल्या थिएटरात फिल्म तुटली की ऑपरेटर खराब झालेल्या चौकटी कापून टाकी आणि उरलेली टोकं जोडून देई. ते कापलेले तुकडे केबिनच्या जमिनीवर पडत, आणि तिथून शाळेत येत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात आणि सेकंदाला चोवीस चौकटी पुढे सरकतात, म्हणजे फूटभर फिल्म हातात आली तरी तिच्यात पाऊण सेकंदही नाही. सोळा चित्रं, सगळी जवळजवळ सारखी. म्हणून एक ठेवायची आणि पंधरा बाजारात काढायची. या बाजारात नटाचा चेहरा समोरून असलेल्या चौकटीला चढा भाव असे आणि नायक पाठमोरा असला तर कुणी विचारत नसे.

चित्र भिंतीवर पाडायला लागे एक उडालेला बल्ब. साठ वॉटचा साधा बल्ब साधारण सहा सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या बुडाचा काळा काचेरी भाग खिळ्याने हळूहळू ठोकून फोडायचा, आतली काचेची दांडी तारेसकट मोडून बाहेर काढायची. घाई केली तर मानेजवळ काच तडकते, म्हणून बल्ब फडक्यात धरायचा. मग त्यात गाळलेलं स्वच्छ पाणी काठोकाठ भरायचं. उकळून गार केलेलं असेल तर बुडबुडे धरत नाहीत. बुडबुडा राहिला तर नटाच्या गालावर काळा डाग पडतो. हा पाण्याचा गोळा म्हणजे भिंग. त्याची नाभी, म्हणजे उजेड एकवटतो तो बिंदू, केंद्रापासून जवळजवळ व्यासाइतक्या अंतरावर येते, म्हणजे काचेपासून सुमारे तीन सेंटिमीटर. पुठ्ठ्याला चौकटीच्या मापाचं भोक पाडायचं, त्यात फिल्म बसवायची आणि तो पुठ्ठा काचेपासून तीन सेंटिमीटरहून किंचित लांब धरायचा. फिल्म उलटी लावायची, कारण भिंग चित्र उलटं करतं. खोली बंद, दाराच्या फटीतून किंवा भोकातून उजेड आत, आणि बाहेर अंगणात आरसा घेतलेलं एक पोर. समोर दोन मीटरवर आजोबांची पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, ताणून धरली की त्यावर सत्तर सेंटिमीटर रुंदीचा एमजीआर उभा राही.

यात बिघडायचं ते आरशापाशी. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे आरसा धरून निवांत बसता येत नाही. दर मिनिटा-दोन मिनिटांनी तो थोडा वळवावा लागतो. आरसेवाल्याला आतलं चित्र दिसत नाही, त्यामुळे त्याचा जीव कामात नसतो. म्हणून ते काम आळीपाळीने करायचं, आणि विरुद्ध पक्षाच्या नटाची चौकट लागली असेल तर आरसा मुद्दाम हलणार हे धरून चालायचं. दुसरी अडचण नंतरची. १९७३ मध्ये शिवाजी गणेशन यांचा ‘राजराज चोळन’ आला, तमिळमधला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. अशा फिल्मवर चित्र आडवं दाबून अर्ध्या रुंदीचं केलेलं असतं आणि थिएटरचं खास भिंग ते परत फाकवतं. बल्बला हे कुठून येणार? वेष्टीवर चोळ सम्राट काडीसारखा बारीक दिसे. यावर उपाय आहे: वेष्टी सरळ न धरता तिरपी धरायची, साठ अंशांपर्यंत. चित्र आडवं दुप्पट ताणलं जातं आणि राजाचं अंग भरतं. फक्त एक बाजू धूसर होते, ती चालवून घ्यायची.

एमजीआर १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांचा पडदा मिटला. तोवर शाळांत नवी जोडी आली होती. कमल हासन ‘कळत्तूर कण्णम्मा’त (१९६०) बालकलाकार म्हणून आलेला, रजनीकांत १५ ऑगस्ट १९७५ ला ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एक फाटक उघडून आत आला, आणि त्या चित्रपटाचा नायक कमलच होता. रजनी म्हणजे बेंगळुरूचा बस कंडक्टर शिवाजीराव गायकवाड, घरी मराठी बोलणारा. आणि त्याच्या आधीच्या पिढीतले शिवाजी गणेशन हे मुळात व्ही. सी. गणेशन, अण्णादुराईंच्या ‘शिवाजी कंड हिंदु राज्यम्’ या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका केली, पेरियारांनी ती पाहून त्यांना शिवाजी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. महाराष्ट्राचा तमिळ पडद्याशी धागा यापेक्षा सरळ दाखवता येणार नाही.

कमल आणि रजनी सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत बऱ्याच चित्रपटांत एकत्र आले, मग ठरवून वेगळे झाले. एकत्र कामांतला सगळ्यात गाजलेला ‘पदिनारु वयदिनिले’ (१९७७), भारतिराजांचा पहिला चित्रपट. ‘आनंद विकटन’ हे साप्ताहिक परीक्षणात चित्रपटाला शंभरपैकी गुण देई आणि हात फार आखडता असे. या चित्रपटाला मिळाले साडेबासष्ट, त्या साप्ताहिकाच्या इतिहासातले सर्वाधिक. शाळेत गुणपत्रिका जितक्या गांभीर्याने पाहिली जाई तितक्याच गांभीर्याने विकटनचे गुण पाहिले जात, आणि दोन्ही पक्षांची पंचाईत अशी की सर्वोच्च गुण दोघांच्या मिळून खात्यावर होते.

पुढे दिवाळी म्हणजे सामना ठरला. १९८७ ला ‘नायकन’ आणि ‘मनिदन’ एकाच दिवशी, १९९१ ला ‘गुणा’ आणि ‘दळपती’, १९९२ ला ‘देवर मगन’ आणि ‘पांडियन’. तिमाही परीक्षा सप्टेंबरात संपलेली, सहामाही डिसेंबरात, त्यामुळे दिवाळीच्या आसपासचे आठवडे या वादासाठी मोकळेच. वाद नुसत्या आरड्याओरड्यावर जिंकता येत नसे. ‘दिनतंती’ या दैनिकातल्या पानभर जाहिराती कापून ठेवाव्या लागत, कुठल्या गावी किती दिवस चालला ते सांगावं लागे. पन्नास दिवस, शंभर दिवस, एकशे पंच्याहत्तर दिवस म्हणजे रौप्यमहोत्सव. ‘शंभर दिवस चालला’ एवढ्याने कुणी गप्प बसत नसे. किती केंद्रांत, मुख्य थिएटरात की दुपारच्या एकाच खेळावर ओढून नेलेला, हे प्रश्न लगेच येत. दुपारच्या खेळाचे शंभर दिवस आणि चारही खेळांचे शंभर दिवस यांत चौपटीचा फरक आहे, हे गुणोत्तर त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

गाणी मुलांपर्यंत पोचायची ती रेडिओवरून. १९५२ पासून आकाशवाणीवर सिनेसंगीताची गळचेपी झाली, ती करणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपले मराठीच. आपल्याकडे त्यामुळे रेडिओ सिलोनची हिंदी गाणी घरोघरी पोचली, तशीच तमिळनाडूत सिलोनची तमिळ सेवा पोचली. रामनाथपुरम, तूत्तुक्कुडीच्या किनाऱ्यावर तर ती जवळच्याच गावातून लागल्यासारखी स्वच्छ ऐकू येई. के. एस. राजा यांची भरधाव निवेदनं आणि बी. एच. अब्दुल हमीद यांचं नितळ तमिळ पोरं जशीच्या तशी म्हणून दाखवत. हमीद यांचा ‘पाट्टुक्कु पाट्टु’, गाण्याला गाणं, हा कार्यक्रम पुढे सन टीव्हीवरही आला. आपल्या अंताक्षरीत ‘ण’ आणि ‘ळ’ आले की जशी कोंडी होते, तशीच तमिळमध्ये, फक्त जास्त. ण, ळ, ‘ऴ’, ‘ऱ’ ही अक्षरं तमिळ शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत, आणि क्रियापदांची अनेक रूपं नेमकी ‘ळ’वर संपतात. म्हणून खेळाआधीच ठरवून घ्यावं लागतं की असं अक्षर आलं तर त्याच्या आधीच्या अक्षरावर जायचं. नाहीतर हुशार गडी गाण्याची नेमकी तीच ओळ निवडून थांबतो.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि प्रत्येक बाजारपेठेत रेकॉर्डिंगचं दुकान आलं. कागदावर गाण्यांची यादी लिहून कोऱ्या कॅसेटसोबत द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. यादी करणं हे कौशल्य होतं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. गाणं साडेचार मिनिटांचं धरलं तर सहा गाणी बसतात आणि तीन मिनिटं उरतात. सातवं लिहिलं तर ते शेवटच्या चरणात कापलं जातं. म्हणून उरलेल्या जागेत एखादं तुकडा-गाणं घालायचं, त्याला तिथे ‘बिट साँग’ म्हणतात, किंवा सुखाच्या गाण्याचीच दुःखी आवृत्ती, जी सहसा दीड-दोन मिनिटांची असे. नव्वद मिनिटांची कॅसेट स्वस्त पडते म्हणून घेणारे पस्तावत, कारण तिची फीत पातळ. सतत मागेपुढे केली की ताणते आणि टेपरेकॉर्डरच्या रुळात गुंडाळली जाते. कॅसेट भरून आली की पाठीमागची प्लास्टिकची टिकली मोडायची, म्हणजे चुकून पुसली जात नाही. मन बदललं तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची. एक बाजू कमलची, एक रजनीची अशी वाटणी असलेल्या कॅसेटी भावंडांच्या घरी हमखास असत.

आणि कॅसेट पालटली तरी संगीतकार पालटत नसे. १९७६ च्या ‘अन्नक्किळी’पासून इळैयराजा दोन्ही बाजूंना होते, गळा बहुतेक वेळा एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा. सौंदरराजन यांचीच गोष्ट पुन्हा. ५ नोव्हेंबर १९९१ च्या दिवाळीला ‘दळपती’ आणि ‘गुणा’ दोन्हींची गाणी इळैयराजांची, शब्द वालींचे. ‘दळपती’तल्या ‘राक्कम्मा’ या नाचाच्या गाण्यात मध्येच सगळे ढोल थांबतात आणि स्वर्णलता अप्परांचं तेवारम म्हणू लागते, ‘कुनित्त पुरुवमुम’, सातव्या शतकातली शिवस्तुती. शाळेत तेवारम शिकतात. ते रजनीच्या गाण्यात सापडल्यावर कमलच्या पक्षाला टीका करणं जड गेलं.

इळैयराजांमुळे खेळाची पातळीही चढली. गाण्याची पहिली ओळ ओळखणं कुणालाही येई. चुरस असे ती सुरुवातीच्या वाद्यांचे दोन सेकंद ऐकून गाणं सांगण्याची. आणि त्यापुढची परीक्षा म्हणजे दोन चरणांमधलं वाद्यसंगीत गुणगुणायचं. इळैयराजा पहिल्या आणि दुसऱ्या चरणाआधी बहुधा वेगवेगळं वाद्यसंगीत योजतात, त्यामुळे ‘दुसऱ्या चरणाआधीचं म्हण’ असं विचारलं की अर्धपाठ पोरं उघडी पडत. बासरी कुठे सोडते आणि व्हायोलिन कुठे उचलतं हे तोंडाने करून दाखवणारी मुलं प्रत्येक वर्गात दोन-तीन तरी निघत.

विजय आणि अजित यांच्या काळाबद्दल मी थोडक्यातच सांगेन. १९९५ च्या ‘राजाविन पार्वैयिले’त दोघे एकत्र होते, नंतर २००१ च्या पोंगलला ‘फ्रेंड्स’ आणि ‘दीना’, २०१४ ला ‘जिल्ला’ आणि ‘वीरम’, २०२३ ला ‘वारिसु’ आणि ‘तुणिवु’ समोरासमोर आले. गाणी नाचायला झकास, पण नायकाच्या प्रवेशाचं गाणं हळूहळू त्याच्याच बिरुदांची यादी होत गेलं, आणि वाद गाण्यांवरून पहिल्या चोवीस तासांत किती जणांनी पाहिलं यावर आला. मोजणं आलं, पण ऐकणं मागे पडलं. शिव्यांची भाषाही बिघडली. अजितने २०११ मध्ये आपली चाहता मंडळं बरखास्त केली, ते योग्यच झालं. जानेवारी २०२३ ला दोन्ही चित्रपट लागले त्या पहाटे चेन्नईत एका थिएटरसमोर चालत्या ट्रकवर नाचणारा तरुण चाहता पडून मेला. त्यानंतर राज्यात पहाटेचे खेळ बंद झाले. शाळकरी पोरांना पहाटे चारला रस्त्यावर आणणारी ती प्रथा गेल्याचं दुःख करण्यासारखं काही नाही.

मुंबईतही हे सगळं घडत आलं. महापालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळा आहेत, धारावीत पिढ्यान्‌पिढ्यांची तिरुनेलवेलीकडची घरं आहेत, आणि माटुंग्याच्या अरोरा टॉकीजसमोर रजनीच्या चित्रपटाला जमणारी गर्दी जुन्या मुंबईकरांनी पाहिली आहे.

१९९१ च्या सामन्यात तिकीटबारीवर ‘दळपती’ पुढे गेला, ‘गुणा’ मागे पडला, आणि कमलच्या पक्षाने तो पराभव बराच काळ सोसला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मंजुम्मेल बॉइज’ हा मल्याळी चित्रपट आला, कोडैकनालच्या त्याच गुहेतल्या खऱ्या अपघातावरचा, जिथे ‘गुणा’चं चित्रण झालं होतं. त्यात ‘कण्मणी अन्बोडु’ हे गाणं नेमक्या जागी वाजलं आणि तमिळनाडूतली थिएटरं उभी राहून गाऊ लागली. कमल आणि एस. जानकी यांच्या आवाजातलं, पत्र सांगता सांगता सुचत जाणारं ते गाणं तेहतीस वर्षांनी नव्या मुलांना पाठ झालं. तेव्हाचे रजनीवाले आता पन्नाशीत आहेत. त्यांनाही ते येत होतंच.

मराठी कानांनी सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी तीन पायऱ्या सांगेन. आधी ‘पडगोट्टी’ आणि ‘नवरात्री’तली सौंदरराजन यांची गाणी पाठोपाठ लावावीत आणि आवाजाची जागा कुठे बदलते ते पकडावं. मग ‘दळपती’ आणि ‘गुणा’, एका बैठकीत, दुसऱ्या चरणाआधीच्या वाद्यांकडे लक्ष देऊन. तिसरी पायरी १९८८ च्या ‘सत्या’तलं ‘वळैयोसै’. चित्रपट कमलचा, चाल इळैयराजांची, शब्द वालींचे, आणि बालसुब्रमण्यम यांच्यासोबत गाणारा आवाज लता मंगेशकरांचा. बांगड्यांची ‘कलकल’, वाऱ्याची ‘कुळुकुळु’, अशा नादशब्दांच्या जोड्या त्यात एकामागून एक येतात, दम घ्यायला जागा फार थोडी. न अडखळता ध्रुवपद म्हणणं ही वर्गातली पैज होती, आणि ती लावायला रजनीचा पक्षही पुढे असे.